शिकागो बेअर्स आणि ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघांचं वैर कधीपासूनचं?
1921 पासूनचं. 27 नोव्हेंबरला शिकागोत पहिली गाठ पडली. बेअर्सचं नाव तेव्हा 'स्टेलीज' होतं; त्यांनी पॅकर्सना 20-0 असं हरवलं. पण नुसतं वैर म्हणणं अन्यायाचं आहे. 1956 मध्ये ग्रीन बेत नव्या स्टेडियमसाठी मतदान होतं, तेव्हा बेअर्सचे मालक जॉर्ज हॅलस स्वतः तिथे जाऊन लोकांना होकार द्यायला सांगून आले. 1957 मध्ये त्याच मैदानावरच्या पहिल्या सामन्यात पॅकर्सनी त्यांनाच 21-17 ने नमवलं!

सगळ्यात वाईट प्रसंग 1986 चा. पॅकर्सच्या चार्ल्स मार्टिनने टॉवेलवर बेअर्सच्या ज्या खेळाडूंना लक्ष्य करायचं त्यांचे नंबर लिहून आणले होते. बेअर्सचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) जिम मॅकमॅहन याचा पास फेकून झाल्यावर मार्टिनने त्याला मागून उचलून खांद्याच्या भारावर जमिनीवर आपटलं. मार्टिनवर दोन सामन्यांची बंदी आली. मॅकमॅहनचा हंगाम तिथेच संपला.