बाजारात बरोबर, वहीत चूक : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

(सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये एकतीस वर्षं शिकवून केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालेल्या बाई या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : बाई, माझ्या सहावीच्या वर्गातला एक मुलगा आईबरोबर आठवडी बाजारात भाजी विकायला बसतो. मागच्या आठवड्यात मीच त्याच्याकडून बत्तीस रुपये किलोचे दीड किलो टोमॅटो आणि वीस रुपयांची पावशेर मिरची घेतली. पाचशेची नोट दिली. मी पिशवीचं तोंड बांधेपर्यंत त्याने चारशे बत्तीस रुपये हातावर ठेवले. दोन दिवसांनी फळ्यावर ८३ वजा ४७ दिलं, तर हातचा कुठून घ्यायचा तेच त्याला कळेना. तो आळस करतो, की मी कमी पडते?
– एक शिक्षिका, जत तालुका

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. असा मुलगा माझ्याही वर्गात होता, एक नाही, बरेच. त्यांच्या प्रगतिपुस्तकावर मी ‘गणितात लक्ष देत नाही’ असं लिहिलेलं आहे. ते शब्द आज मला परत घेता येत नाहीत, म्हणून तुम्हाला सविस्तर लिहिते.

तुम्ही जे पाहिलंत, तेच कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत मोठ्या संख्येने तपासून पाहिलं गेलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञाननियतकालिकात तो अभ्यास छापून आला. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो आणि हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ स्पेल्की हे त्यातले काही संशोधक. त्यांची माणसं गिऱ्हाईक बनून बाजारात काम करणाऱ्या मुलांकडे गेली आणि मुद्दाम अडनिडी वजनं मागितली. वीस रुपये किलोचे बटाटे आठशे ग्रॅम, पंधरा रुपये किलोचे कांदे एक किलो चारशे. सोळा आणि एकवीस, सदतीस झाले. दोनशेची नोट दिली तर एकशे त्रेसष्ट परत. असं वजन रोज कुणी मागत नाही, त्यामुळे पाठांतराचा प्रश्नच नव्हता. बहुतेक मुलांनी कागदाला हात न लावता बरोबर हिशेब केला. त्याच मुलांना मग शाळेच्या पद्धतीची गणितं दिली. कोलकात्यातल्या मुलांपैकी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं फक्त ३२ टक्क्यांना जमलं.

माझी झोप उडाली ती याच्या उलट बाजूने. शेजारच्या शाळांतली, बाजारात कधी न बसलेली मुलं वहीतली साधी गणितं जास्त बरोबर सोडवत होती. पण बाजारातलं जे गणित काम करणाऱ्या एक तृतीयांशाहून जास्त मुलांनी सोडवलं, ते या शाळकरी मुलांपैकी फक्त एक टक्क्याला आलं. म्हणजे आपण ज्यांना हुशार म्हणून पहिल्या बाकावर बसवतो, त्यांनाही शिकलेलं वहीबाहेर वापरता येत नाही. दोन्हीकडची मुलं आपापल्या काठावर उभी आहेत. मधला पूल बांधणं हे शाळेचं काम होतं आणि ते आपण केलेलं नाही.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात १९८५ च्या सुमारास असाच अभ्यास झाला होता. तिथला बारा वर्षांचा एक मुलगा नारळ विकायचा. पस्तीसचा एक, चार नारळांचे किती? तीन नारळांचे एकशे पाच त्याला माहीतच होते. त्यावरून त्याने एकशे चाळीस सांगितले. तेच पस्तीस गुणिले चार कागदावर दिलं तेव्हा उत्तर आलं दोनशे. पाच चोक वीस, शून्य लिहिलं, हातचे दोन. ते दोन त्याने तीनमध्ये आधीच मिळवले आणि मग पाच चोक वीस केलं. बाजारात चार नारळांचे दोनशे कुणी मागितले असते तर हाच मुलगा हसला असता. कागदावर मात्र त्याला ते खटकलं नाही, कारण कागदावरच्या आकड्यांना नारळ चिकटलेले नव्हते.

आता कामाचं. त्या मुलाला फळ्यापाशी बोलवा, पण गणित सोडवायला नको. ‘चारशे बत्तीस कसे काढलेस ते सांग’ एवढंच म्हणा आणि खडू स्वतःच्या हातात ठेवा. तो बहुतेक वर चढत जाईल : अडुसष्टला दोन घातले की सत्तर, तीस घातले की शंभर, वर चारशे. तो बोलेल तसं लिहा. शेजारी तीच वजाबाकी हातच्याची मांडा आणि दोन्हीकडे ४३२ च आलं हे वर्गाला बघू द्या. मग त्याच्याच रीतीने ८३ वजा ४७ करून घ्या. सत्तेचाळीसला तीन घातले की पन्नास, वर तेहतीस, झाले छत्तीस. हातच्याची रीत त्याला यायलाच हवी. तिच्याशिवाय पुढची गणितं अडतात आणि बीजगणिताचं दार बंद होतं. ‘बाजारच खरी शाळा’ असं म्हणून त्याला तिथेच सोडून देणाऱ्यांचा मला राग येतो. पण शिकवताना सुरुवात त्याला येतं तिथून करा.

आमचे वडील किराणा दुकानात मुनीम होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे त्यांना तोंडपाठ. बत्तीसची दिडकी अठ्ठेचाळीस हे त्यांना विचार न करता यायचं आणि तुमच्या त्या मुलालाही आलं. हे पाढे आपण पाठांतराचं ओझं म्हणून शाळेतून काढले. ओझं होतंच, मीही ते काढण्याच्या बाजूची होते. त्यांच्याबरोबर बाजार आणि वही यांना जोडणारी एक फळीही निघून गेली, हे मला फार उशिरा कळलं.

आणि ताई, तुम्ही त्याच्याकडून भाजी घेतलीत हे वर्गात सांगा. तुमच्या तोंडून ऐकलं की इतर मुलांना ती लाजेची गोष्ट वाटणार नाही.

प्रश्न : आमची मुलगी पुण्यातल्या एका इंग्रजी शाळेत दुसरीत आहे. वर्गात शिक्षणहक्क कायद्याच्या (आरटीई) पंचवीस टक्के राखीव जागांवरची मुलं आहेत. पालकांच्या ग्रुपवर रोज चर्चा असते की यामुळे शिकवण्याची पातळी खाली येते, मुलं वाईट शब्द शिकतात. आम्ही कुणाला कमी लेखत नाही, पण काळजी वाटते.
– एक पालक, पुणे

उत्तर : काळजी वाटणं चूक नाही. तिला उत्तर मिळू शकतं, कारण नेमका हाच प्रश्न दिल्लीत तपासला गेला आहे. २००७ पासून दिल्लीतल्या बऱ्याच महागड्या खासगी शाळांना गरीब घरांतल्या मुलांसाठी जागा ठेवणं भाग पडलं. अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी त्या शाळांतल्या सधन मुलांची तुलना केली : ज्यांच्या वर्गात गरीब मुलं होती ती, आणि थोड्या वरच्या इयत्तांतली, ज्यांच्या वर्गात ती नव्हती. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

तुमची भीती कुठे खरी आहे ते आधी सांगते. सधन मुलांचे इंग्रजीचे गुण किंचित कमी झाले. शिव्या देण्याच्या तक्रारी थोड्या वाढल्या. हिंदी आणि गणितात फरक पडला नाही, मारामारी किंवा वर्गात गोंधळ वाढला नाही.

दुसऱ्या पारड्यात काय आलं? ही सधन मुलं दुसऱ्यांसाठी वेळ द्यायला, वाटून घ्यायला जास्त तयार झाली. राव यांनी रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडायला सांगितला होता. गरीब वर्गमित्रांची सवय नसलेली बरीच मुलं वेगाने पळणारा गरीब मुलगा सोडून हळू पळणारा सधन मुलगा घेत होती. सवय असलेल्यांमध्ये हे स्पष्टपणे कमी झालं. आणखी एक बारीक गोष्ट : काही शाळांत अभ्यासाचे गट नावाच्या अक्षरक्रमाने पाडले जात. ज्याचं नाव गरीब मुलाच्या नावाशेजारी आलं, त्याची बैठक त्याच्याबरोबर झाली. बदलाचा मोठा वाटा या प्रत्यक्ष शेजाराचा होता, एका छताखाली असण्याचा नव्हे.

म्हणून शाळेला हे विचारा : राखीव जागांवरची मुलं एकाच तुकडीत आहेत की वेगळी काढली आहेत? गट कसे पाडता? सहलीला ती येतात का, की पैशांअभावी त्या दिवशी घरी बसतात? फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या सरकारने नियम बदलला होता. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळांना या जागांतून सूट मिळणार होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला. जागा राहिल्या, ठीक. पण ‘आरटीईची मुलं’ हा शब्द तुमच्या ग्रुपवर आहे तोवर तो वर्गातही जाणार. तुमच्या मुलीच्या पुढच्या वाढदिवसाला त्यातल्या दोन-तीन जणींना घरी बोलवा आणि त्यांच्या घरी बोलावलं तर पाठवा.

प्रश्न : कच्च्या मुलांना वेगळं बसवून शिकवावं का? त्यांच्यावर शिक्का बसत नाही का?
– एक मुख्याध्यापक, कळंब तालुका

उत्तर : सर, दिवसभरासाठी नको, तास-दोन तासांसाठी जरूर. मुंबई आणि बडोद्यात ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने तिसरी-चौथीच्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वस्तीतल्याच शिकलेल्या मुलीकडे, म्हणजे बालसखीकडे, दिलं होतं. २००७ मध्ये छापलेल्या अभ्यासात मुलांचे गुण चांगले वाढलेले दिसले. यश वेगळं बसवण्यात नव्हतं. त्या दोन तासांत त्यांना येत होतं तिथून शिकवलं गेलं, यात होतं. शिक्का टाळायचा तर गट दर काही आठवड्यांनी पुन्हा पाडा आणि मुलांना वर सरकताना दिसू द्या. सहा महिने तीच मुलं त्याच कोपऱ्यात दिसली, तर शिक्का बसला असं समजा.

प्रश्न : माझी पहिलीच नेमणूक आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेण्यासाठी वर्गात जातीनुसार नावं वाचून दाखवण्याची इथे पद्धत आहे. ज्येष्ठ सहकारी म्हणतात, पैसे त्यांच्याच भल्यासाठी आहेत, त्यात काय लपवायचं? मला अवघड वाटतं. पेपर तपासतानाही आपला हात सगळ्यांना सारखा चालतो का, अशी शंका येते.
– एक शिक्षक, परभणी जिल्हा

उत्तर : तुम्हाला पहिल्या वर्षी अवघड वाटतंय. मला ते वाटायला बरीच वर्षं लागली. १९९१ साली चौथीच्या वर्गात मी खुर्चीवरून आवाज द्यायचे, ‘शिष्यवृत्तीवाले उभे राहा’. नऊ मुलं उभी राहायची, बाकीची वळून बघायची. मला वाटायचं, मी त्यांचा हक्क त्यांना मिळवून देतेय. एक मुलगी होती, प्रत्येक प्रश्नाला बोट वर करणारी. यादी वाचायच्या दिवशी ती शेवटच्या क्षणापर्यंत उठायची नाही. मी तिचं नाव दुसऱ्यांदा, जरा जोरात घ्यायचे.

कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अर्थतज्ज्ञांचा उत्तर प्रदेशातल्या खेड्यांमधला प्रयोग मी निवृत्तीच्या आसपास वाचला. २००४ साली तो अहवालरूपाने आला. सहावी-सातवीच्या ६४२ मुलग्यांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले, सुटतील तसे पैसे. सहा-सहाचे गट, तीन तथाकथित वरच्या जातींचे, तीन खालच्या मानलेल्या. जात उच्चारली नाही तेव्हा दोघांच्या कामात फरक पडला नाही. दुसऱ्या गटांत सुरुवातीलाच प्रत्येकाचं नाव, गाव, वडिलांचं आणि आजोबांचं नाव आणि जात सर्वांसमोर वाचली. तेवढ्याने दलित मुलांचं काम साधारण पाचव्या हिश्श्याने घसरलं. तीच मुलं, तेच कागद, मध्ये फक्त एक वाचन. माझ्या वर्गातलं ते वाचन मी दरवर्षी करत होते आणि मग त्याच तासाला गणित घेत होते.

तेव्हा यादी वाचू नका. ‘त्यात काय लपवायचं’ हे म्हणणं ज्याला उभं राहावं लागत नाही त्याला सोपं असतं. अर्जाची कोरी प्रत वर्गातल्या सगळ्यांना घरी द्या, पात्रतेच्या अटी पालकसभेत सगळ्यांना सांगा, भरलेले अर्ज पालकांकडून कार्यालयात घ्या. कागदपत्र राहिलं असेल तर आईवडिलांना फोन करा. वेळ जास्त जातो, माझ्या हिशेबाने वर्षाला दोन दुपारी.

पेपरांबद्दलची तुमची शंका रास्त आहे. रेमा हॅना आणि ली लिंडेन या अर्थतज्ज्ञांनी भारतातच उत्तरपत्रिकांच्या वरच्या पानावर वय, मुलगा-मुलगी आणि जात चिठ्ठ्या टाकल्यासारखी बदलून शिक्षकांकडून त्या तपासून घेतल्या. २०१२ मध्ये छापलेला त्यांचा निष्कर्ष असा : त्याच उत्तराला खालची मानलेली जात लिहिलेली असेल तर थोडे कमी गुण पडले. फरक लहान होता, पण होता. आणि तो जास्त करून त्याच जातींतून आलेल्या परीक्षकांच्या हातून झाला. हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. शिवाय गठ्ठ्याच्या सुरुवातीला हा कल जास्त होता, पुढे तपासणाऱ्याचा हात बसत गेला.

म्हणून वरचं पान उलटून क्लिप लावा, नाव दिसू देऊ नका. एका मुलाचा पूर्ण पेपर तपासण्याऐवजी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा, असं जा. दर प्रश्नाला गठ्ठा पिसा, म्हणजे आधी येण्याचा तोटा एकाच मुलाच्या वाट्याला येणार नाही. आणि शेवटी, पेन खाली ठेवण्याआधी, ज्या दहा उत्तरपत्रिकांपासून सुरुवात केली होती त्या पुन्हा एकदा काढून बघा.