बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर डिप्रेशनच्या गोळ्यांनी बरा होतो का?

तुमच्या धाकट्या बहिणीला 'बॉर्डरलाइन'चं (भावना टोकाला जाणं, जवळचे सोडून जातील ही सततची भीती, असा हा मानसिक आजार) निदान झालंय, एस्सिटालोप्राम ही डिप्रेशनची गोळी सुरू होऊन महिना झाला तरी रडारड, भांडणं तशीच आहेत, म्हणून गोळी बंद करावी का, असं तुम्ही विचारलंय.

परस्पर बंद करू नका. एकदम सोडली तर चक्कर, मळमळ, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके येऊ शकतात. मग आजार वाढला की गोळी सुटल्याचा हा त्रास, ते घरात कुणालाच उमगत नाही.

मलाही हेच निदान आहे आणि गोळी मीही घेते. तिने माझं डिप्रेशन उतरलं. झोप लागायला लागली, अंघोळीचा कंटाळा गेला. पण दोन निळ्या टिका दिसूनही मैत्रिणीचं उत्तर आलं नाही, की 'सोडलं हिने मला' म्हणून पोटात गोळा यायचा, तो यायचाच. मूळ दुखणं हे, आणि तिथवर गोळी पोचत नाही. उपचारांचे नियम सुचवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने 2009 सालीच म्हटलंय की खास या आजारासाठी म्हणून औषधं वापरू नयेत. औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनेही यासाठी एकाही औषधाला मंजुरी दिलेली नाही. सोबत डिप्रेशन किंवा एन्झायटी असेल, आणि ती पुष्कळदा असतेच, तर गोळीला अर्थ आहे.

तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा: ही गोळी नेमकी कशासाठी, आणि फरक कशावरून ओळखायचा? भांडण झालं की एक गोळी वाढवायची, असं चाललं असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. बहीण पंचविशीच्या आतली असेल तर सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढत नाहीत ना, यावर लक्ष ठेवा. स्ट्रिपा तिच्या हाताशी साठू देऊ नका.

मुख्य उपचार थेरपी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांची डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, भावना सावरायची कौशल्यं शिकवणारी थेरपी) त्यासाठीच बनली. आपण स्वतः तरुणपणी यातून गेलो, हे बाईंनी 2011 मध्ये जाहीर सांगितलं. त्यातली एक युक्ती मी अजून वापरते: श्वास रोखून बर्फाच्या पाण्यात तोंड बुडवायचं. नाडी मंदावते, हातातला फोन खाली ठेवण्याइतकं भान येतं. (हृदयाचा त्रास असलेल्यांनी करू नये.) डीबीटी शिकलेले थेरपिस्ट आपल्याकडे कमी आणि फी जास्त, हे खरंय, ऑनलाइनही शोधा.

अपरात्री प्रसंग आला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जिवावरचं वाटलं तर मात्र फोनात वेळ न घालवता थेट हॉस्पिटल गाठा.