आईला होतं, मला झालं, आता लेकीला?

नैराश्याचे उपचार घेणारे आईबाप हा प्रश्न कधी ना कधी विचारतातच. जुळे सोलापुरातल्या एक ताई मात्र पहिल्याच भेटीत त्यावर आल्या. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय चाळिशीच्या आसपास, शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात शिलाई. त्यांची आई विड्या वळायची आणि मधूनच महिना महिना अंथरूण धरायची. तेव्हा त्याला कुणी आजार म्हटलं नाही. ताईंना स्वतःला दोनदा नैराश्य येऊन गेलेलं. लेक बारावीत.

"रक्तातच हाय म्हणतात सासूबाई. पोरीला पण होतंय काय ओ मॅडम? पुण्यात जीनची तपासणी होते म्हणं, करून घिऊ का?"

तपासणीचं आधी सांगितलं. नैराश्याचा एकच एक जीन नाही. २००३ साली सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाशी संबंधित एका जीनचं नाव खूप गाजलं होतं, पण २०१९ मध्ये लाखो लोकांच्या माहितीवर तो दावा तपासला तेव्हा टिकला नाही. आता शेकडो जागा सापडल्यात आणि प्रत्येकीचा वाटा अगदी किरकोळ. त्यामुळे रक्त तपासून तुमच्या मुलीचं भविष्य कुणी सांगू शकत नाही. ते पैसे तिच्या पुस्तकांना ठेवा.

मग त्यांनी मोबाइलवर वाचलेला आकडा काढला: नैराश्य ३७ टक्के आनुवंशिक. म्हणजे लेकीला ३७ टक्के धोका, असं त्या धरून बसल्या होत्या. हा गैरसमज मला फार वेळा दिसतो आणि तो माणसाला पोखरतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून आलेला हा आकडा पूर्ण समाजाबद्दल बोलतो: माणसामाणसांत नैराश्याच्या शक्यतेत जो फरक असतो, त्यातला साधारण इतका वाटा जीन्सचा. एका मुलीला ते लागू करता येत नाही. आई किंवा वडिलांना नैराश्य असलेल्या मुलांना धोका इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतो, हे खरं आहे आणि मी ते लपवत नाही. पण म्हणून तो आजार होणारच, असं नाही.

उरलेलं घर, शाळा, पैसा, मारहाण, मृत्यू, एकटेपण यांतून येतं. स्वीडनमध्ये सख्ख्या भावंडांचा अभ्यास झाला. आई किंवा वडिलांना नैराश्य. एक मूल घरी वाढलं, दुसरं चांगल्या घरात दत्तक गेलं. दत्तक गेलेल्यांत नैराश्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी निघालं. आणि त्या नव्या घरातही आईबापाला नैराश्य आलं किंवा घर मोडलं, तर हा फायदा उरला नाही.

हे ऐकून ताई गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "मी गोळ्या सोडल्याती." पोरीला स्थळं येतील तेव्हा घरात औषधाचं पाकीट दिसायला नको, म्हणून.

मला इथेच थांबावंसं वाटलं. लेकीसाठी त्या सगळं करत होत्या. रात्री उठून ती झोपली का बघायच्या, जेवण कमी झालं की रडायच्या. आणि तिच्या सगळ्यात उपयोगाची गोष्ट तेवढी सोडून दिली होती. आईचं नैराश्य उपचारांनी निवळलं की मुलांची लक्षणंही कमी होतात, हे अमेरिकेतल्या एका अभ्यासात २००६ मध्येच दिसलं आहे. त्या आठवड्यातच त्या परत मानसोपचारतज्ज्ञांकडे गेल्या. गोळी चालू करणं, कमी करणं, बंद करणं त्यांच्याच सल्ल्याने व्हायला हवं.

लेकीशीही बोलले. तिला नैराश्य नव्हतं. परीक्षेचा ताण होता आणि झोप मोडलेली. तिला जास्त त्रास व्हायचा तो आईच्या टक लावून बघण्याचा. आजीचं, आईचं नेमकं काय झालं हे तिला कुणीच नीट सांगितलं नव्हतं. ते मायलेकींनी माझ्यासमोर बसून बोलून घेतलं.

तुमच्या घरात असं असेल तर एवढं बघा: दोन आठवड्यांहून जास्त उदासी किंवा सतत चिडचिड, आवडीच्या गोष्टी सुटणं, झोप-भूक बदलणं. मरणाची भाषा आली तर मात्र दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी मदत घ्या. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.