टेन्युअर म्हणजे कायम की मुदतीपुरतं?

रावेर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र, थोडक्यात: "मुलगी एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी झाली. एका संशोधन प्रकल्पाच्या जाहिरातीत 'टेन्युअर ११ महिने' आहे. पुतण्या म्हणतो, अमेरिकेत टेन्युअर मिळालं की प्राध्यापकाला कोणी काढत नाही. शिवाय एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायलाही बोलावलंय. ही नोकरी कायमची समजायची की तात्पुरती? आणि दोन्हीतलं काय घ्यावं?"

भाऊ, नमस्कार.

पुतण्याही खरा आणि जाहिरातही खरी. घरातला सातबारा काढून बघा. गट नंबराच्या आसपास 'भूधारणा पद्धती' लिहिलेलं असतं आणि पुढे 'भोगवटादार वर्ग - १' किंवा २. भूधारणा म्हणजेच लँड टेन्युअर, आणि हा शब्द मुळात जमिनीचाच. लॅटिनमध्ये 'तेनेरे' म्हणजे धरणं, हाती ठेवणं. तिथून तो जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. सरदाराने राजाची जमीन कोणत्या अटीवर धरली आहे, हे त्यातून सांगायचे. 'टेनंट' त्याच्याच घरातला, म्हणजे आपलं कूळ. भाषेचे अभ्यासक त्याचं नातं संस्कृतातल्या 'तन्' धातूशी जोडतात, ज्यातून आपला 'तंतू' आला.

शब्द फक्त 'धरलंय' एवढंच सांगतो. किती दिवस, कोणाच्या मर्जीवर, ते अटींत असतं. वर्ग १ ची जमीन सहसा परवानगीशिवाय विकता येते, वर्ग २ ला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. धारणा मात्र दोन्हीकडे आहेच.

अमेरिकेत प्राध्यापकांच्या संघटनेने १९४० साली काढलेल्या निवेदनात उमेदवारीचा काळ ७ वर्षांपेक्षा जास्त नसावा असं म्हटलं. म्हणून साधारण सहाव्या वर्षी शोधनिबंध, अध्यापन सगळं तपासलं जातं. पास झाला तर टेन्युअर, नाही तर बहुधा एक शेवटचं वर्ष आणि मग रस्ता मोकळा. पुतण्याला एवढं सांगा की गंभीर गैरवर्तन किंवा संस्थेवरचं खरं आर्थिक संकट असेल, तर टेन्युअरवाल्यालाही काढता येतं.

आपल्याकडे त्या अर्थी 'कायम' म्हणतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाचा परिविक्षा कालावधी, म्हणजे उमेदवारीचा काळ, १ वर्षाचा. काम समाधानकारक नसेल तर तो आणखी १ वर्ष वाढवता येतो, पण तसा आदेश पहिलं वर्ष संपायच्या आत निघायला हवा. हे सगळं मंजूर पदावर रीतसर निवड झालेल्यांसाठी.

तुमच्या हातातल्या जाहिरातीतलं टेन्युअर म्हणजे निव्वळ मुदत. ११ महिने, टिश्यूकल्चर केळीच्या एका पिकाएवढी. (बँकेच्या कागदावर कर्जाचं टेन्युअर असतं, तेही हेच. ते लांबवलं की हप्ता लहान होतो आणि व्याज वाढतं.) आदेश हातात आला की तीन गोष्टी शोधा. 'को-टर्मिनस' असेल तर प्रकल्प संपला की पद संपलं, मग मुदतीचे महिने उरलेले असोत वा नसोत. 'मुदतवाढ शक्य' हे वचन नाही, निधी आला तरच. आणि नोटीस किती दिवसांची, दोन्ही बाजूंना सारखी आहे का? 'निव्वळ तात्पुरत्या स्वरूपात' या ओळीवर सही करून नंतर कायम होण्याची आशा धरणं, इथंच पोरं फसतात.

तरी मी प्रकल्पच घ्या म्हणेन. तासिका तत्त्वावर तास झाला तर पैसे, सुट्टीत शून्य. प्रकल्पात ठरलेलं मानधन असतं आणि हात प्रयोगशाळेत बसतो. फक्त रुजू झाल्या दिवसापासून नेट किंवा सेटची तयारी चालू ठेवायची. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी किमान पात्रता नेट, सेट किंवा स्लेट आहे, पीएच.डी. ऐच्छिक. म्हणजे आधी परीक्षा, पीएच.डी. नंतरही होईल.

सोडताना अनुभव प्रमाणपत्र घ्यायला सांगा. त्यावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पदनाम आणि प्रकल्पाचं नाव हवं. प्रकल्पप्रमुखाची बदली झाली की हा कागद मिळवायला फेऱ्या मारत बसावं लागतं, म्हणून शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका.