हरिश्चंद्रगडावर पहिल्यांदाच जायचंय. पाचनई, खिरेश्वर की नळीची वाट?

पाचनईनेच जा, पहिल्या खेपेला तीच वाट बरी. तिन्ही वाटा चाललोय म्हणून सांगतो: पाचनईहून साधारण चालणारा माणूस अडीच-तीन तासांत हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी पोचतो. मध्ये वाट कड्याच्या पोटातून आडवी जाते, डोक्यावर पुढे आलेला कातळ आणि पावसाळ्यात त्यावरून गळणारं पाणी. पण चढ अंगावर येणारा नाही.

खिरेश्वरची वाट लांबलचक. तोलार खिंडीत वाघाचं शिल्प आहे, त्याच्या पुढे कातळटप्पा लागतो. तिथे रेलिंग आहे, त्यामुळे खरा त्रास कातळाचा नाहीच, त्यानंतरच्या पठाराचा. एक टेकाड संपलं की दुसरं, आणि धुकं उतरलं की चुकायला वेळ लागत नाही. नळीची वाट कोकणातल्या बेलपाड्याहून थेट कोकणकड्याच्या बगलेत चढते: घळभर मोठमोठे धोंडे, दोराशिवाय अवघड टप्पे, वरून सुटणारे दगड. अनुभव आणि वाट माहीत असलेला गाववाला नसेल तर तिचं नाव काढू नका. पावसाळ्यात तर मुळीच नाही.

फक्त एक, स्वतःची गाडी नसेल तर पाचनई गाठणंच जिकिरीचं. मग कल्याण-नगर रस्त्यावर माळशेज घाटाच्या माथ्याकडे खुबी फाट्याला एसटीतून उतरा, खिरेश्वर धरा आणि पहाटे लवकर निघा. जोरदार पाऊस असेल तर पाचनईच्या वाटेवरचे ओढेही फुगतात. पाणी ओसरेपर्यंत थांबायचं, हात धरून साखळी करायच्या भानगडीत पडायचं नाही.