दिव्यात तेल कोणी घालायचे?

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद. धर्मांचा तौलनिक अभ्यास पुरा करावा की उपासनामंदिराचे प्रचारकपद घ्यावे, असे तू विचारतोस. प्रश्नातला हा 'की' मला खटकला.

विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले. पाली ग्रंथांचे संपादन करणारे एस्टलिन कार्पेंटर तेथे त्यांना शिक्षक म्हणून लाभले. १९०३ मध्ये परतल्यावर ते मुंबई प्रार्थनासमाजाचे प्रचारक झाले. एवढी विद्या घेऊन आलेला माणूस रविवारच्या उपासनेपुरता राहिला असता, तरी कोणी नावे ठेवली नसती. पण १८ ऑक्टोबर १९०६ रोजी परळला अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढून त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशनचे काम सुरू केले, आणि त्यात त्यांची बहीण जनाबाईही राबल्या. 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' हा त्यांचा ग्रंथ निघाला तो १९३३ मध्ये, म्हणजे शाळेनंतर सत्तावीस वर्षांनी. त्यात जुन्या ग्रंथांचे आधार आहेतच, पण प्रश्न वस्तीतून उचललेला आहे. तुझ्या प्रबंधाचा आराखडा नीटनेटका असूनही मला कोरडा वाटला, कारण त्यात कोणाचे घरच दिसत नाही.

माझेही प्रारंभी असेच होते. अंत्यसंस्कारांवरचा माझा निबंध नुकताच छापून आला होता, आणि एका घरी सांत्वनाला गेलो असता मी उपनिषदांतला मृत्युविचार सांगू लागलो. थोरल्या मुलीने मध्येच विचारले, "आम्हाला भाऊ नाही, दहा दिवस दिव्यात तेल मी घातले तर चालेल ना?" मी घुटमळलो. शेवटी तिच्या आईनेच तेलाची वाटी उचलून तिच्या हातात दिली. त्या निबंधाचे पुढचे प्रकरण मला त्या वाटीपासून सुचले.

तेव्हा पद घे, आणि प्रबंधही सोडू नकोस. मात्र मानधन किती आणि उपदेशाचा विषय कोण ठरवणार, हे लेखी घे. एका संस्थेने माझे मानधन एका प्रवचनावरून तीन महिने अडवले होते, आणि दाखवायला माझ्याजवळ कागद नव्हता. पैसा कोठून येतो हे विचारण्यात कमीपणा नाही. शिंद्यांची ऑक्सफर्डची शिष्यवृत्ती युनिटेरियन, म्हणजे एकेश्वरवादी ख्रिस्ती, मंडळींची होती आणि प्रवासखर्चाला सयाजीराव गायकवाडांचे साहाय्य होते, हे आपल्याला आजही ठाऊक आहे.

आराखडा पुन्हा लिहून दिवाळीपूर्वी पाठव. या खेपेस संदर्भ निम्मे असले तरी चालतील.

तुझा,
एक जुना प्रचारक