पहिल्या तारखेचा पगार थांबतो तेव्हा

नोकरी सोडून स्वतःचं काहीतरी सुरू करू पाहणाऱ्या वाचकांनी प्रश्न पाठवावेत, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी माझ्याविषयी दोन ओळी : मी नाशिकला अंबडमधल्या एका कारखान्यात १७ वर्षं स्टोअर्स आणि हिशेब सांभाळले. जून २०१४ मध्ये राजीनामा दिला आणि भाजणी, मेतकूट, उपवासाची पिठं करायला लागले. आज माझ्यासोबत सातजणी काम करतात.

प्रश्न : ताई, मी ४१ वर्षांचा, चिंचवडला राहतो. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत क्वालिटी विभागात १५ वर्षं झाली. हातात ५२,००० येतात. एक मित्र म्हणतो, ‘तू मशीन टाक, काम मी देतो.’ बँक मशीनला कर्ज द्यायला तयार आहे, हप्ता २९,००० बसेल. गाळ्याचं भाडं १४,०००. घराचा हप्ता १७,५००, घरखर्च साधारण २४,०००. शिल्लक चार लाख आहे. बायको घाबरते आहे. एवढ्या शिलकीवर नोकरी सोडावी का?

उत्तर : दादा, आधी एक तारीख काढा. तुमच्या कामाचा पहिला रुपया खात्यात कधी पडेल?

समजा फेब्रुवारीअखेर तुम्ही कंपनीतून मोकळे झालात. मार्चमध्ये मशीन येईल, बसेल, थ्री फेजचं कनेक्शन मिळेल. एप्रिल सॅम्पल मंजूर होण्यात जाईल. तो वेळ तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो, कारण आजवर दुसऱ्यांची सॅम्पलं तुम्हीच मंजूर-नामंजूर करत आलात. मे महिन्यात माल नियमित निघेल, बिल मेअखेर जाईल. समोरचा साठ दिवसांनी पैसे देणारा असेल तर जुलैअखेर चेक येईल. मार्च ते जुलै हे पाच महिने. तुम्ही कळवलेले चार आकडे मिळवले तर महिन्याला ८४,५०० होतात, पाच महिन्यांचे ४,२२,५००. पहिला चेक येण्याआधीच तुमचे चार लाख संपतात. यात गाळ्याचं डिपॉझिट, वीजबिल, टूल्स आणि ऑपरेटरचा पगार मी अजून धरलेला नाही.

हे मी स्वतः भोगलेलं सांगते. माझा शेवटचा पगार ३० जून २०१४ ला जमा झाला. गणपतीनंतर माल दुकानांत ठेवायला लागले, दिवाळीला तो हातोहात गेला आणि मला वाटलं, जमलं. पण दुकानदारांनी माल जाकड घेतला होता, म्हणजे विकला गेला तर पैसे, उरला तर परत. दिवाळी झाली, त्यांचे हिशेब झाले, उरलेली पाकिटं परत आली आणि मग पैसे निघाले. माझ्या हातात स्वतःचे म्हणता येतील असे पैसे पडले ३ डिसेंबरला. मधले पाच महिने घर यजमानांच्या पगारावर चाललं. तो पगार नसता तर मी सप्टेंबरमध्येच परत नोकरी शोधली असती. माझ्या धाडसाचं कौतुक होतं तेव्हा ही गोष्ट मी आवर्जून सांगते.

नोकरीत एक तारखेची इतकी सवय होते की पैशाला स्वतःची चाल असते हे आपण विसरतो. धंद्यात माल आज जातो, नफा वहीत आज दिसतो, पैसा मात्र त्याच्या वेळेने येतो. हप्ते त्याची वाट बघत नाहीत.

म्हणून तुमच्या जागी मी असते तर मशीनआधी काम उभं केलं असतं. ज्यांची मशीनं अर्धा दिवस रिकामी असतात असे भोसरीत ओळखीचे कोणी निघतील. मित्राच्या कामाचे पहिले दोन-तीन लॉट त्यांच्याकडून करून घ्या. पैसे थोडेच सुटतील, पण मित्राचं काम खरोखर किती आहे, रिजेक्शन किती होतं आणि चेक कितव्या दिवशी येतो हे तिन्ही कळेल. मात्र सध्याच्या कंपनीच्या गिऱ्हाइकांचं काम नोकरीत असताना घेऊ नका. तुमच्या नेमणूक पत्रात याबद्दल काय लिहिलंय तेही आज रात्रीच वाचा.

मित्राकडून लेखी पर्चेस ऑर्डर घ्या. ती मागायला संकोच वाटला तर तो संकोच पुढे पैसे मागतानाही वाटेल. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणीही करून ठेवा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही तरतूद आली : अशा उद्योगाचं देणं मुदतीत दिलं नाही, तर प्रत्यक्ष देईपर्यंत माल घेणाऱ्याला ती रक्कम खर्चात धरता येत नाही. त्यामुळे मार्चअखेर मोठ्या कंपन्यांचे हिशेबनीस स्वतःहून फोन करतात. पण ज्याच्या एकट्याच्या कामावर तुमचं मशीन चालणार, त्याच्यावर व्याजाचा दावा तुम्ही लावाल का? म्हणून दुसरं गिऱ्हाईक पहिल्या दिवसापासून शोधा.

पीएफ मशीनमध्ये घालू नका. दहा वर्षांहून जास्त नोकरी झाल्याने पेन्शनच्या भागाचं स्कीम सर्टिफिकेट (नोकरीची वर्षं नोंदलेला दाखला) घेता येतं आणि ५८ व्या वर्षी पेन्शन सुरू होते. ग्रॅच्युइटीचा हिशेब सोपा आहे : शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. माझे १४,३०० होते, १७ वर्षांचे १,४०,२५० मिळाले. त्यातूनच मी मोठी कढई आणि वाळवणाच्या ताडपत्र्या घेतल्या. कंपनीचा मेडिक्लेम राजीनाम्याबरोबर संपतो, तेव्हा घरच्यांची आरोग्य विम्याची पॉलिसी नोकरीत असतानाच काढा. आधीपासूनच्या आजारांना प्रतीक्षाकाळ असतो, तो जितका लवकर सुरू होईल तितका बरा.

वहिनींना माझा नमस्कार सांगा. त्या घाबरतात कारण घरातला पैसा कोणत्या आठवड्यात संपतो हे त्यांना ठाऊक आहे. वरचा मार्च ते जुलैचा तक्ता दोघांनी मिळून लिहा.

प्रश्न : रत्नागिरीत आंबापोळी, कोकम आगळ करून विकते. शाळेतली शिपायाची नोकरी सोडून हेच करायचं आहे. एक एजंट सगळ्या नोंदण्यांचे ९,००० मागतो. द्यावेत का?

उत्तर : नाही, ताई. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, आधार आणि पॅन पुरतं. अन्न परवान्याच्या छोट्या नोंदणीला मी सुरू केलं तेव्हा वर्षाला १०० रुपये पडत. तुमची मुलगी किंवा भाचा बारावी झाला असेल तर दोन तासांत दोन्ही करून देईल. पाकिटावर वजन, सर्व करांसह किंमत, पॅकिंगचा महिना-वर्ष, तुमचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन हवाच. जीएसटीची नोंदणी मालाच्या विक्रीला ४० लाखांपर्यंत लागत नाही, पण ही सवलत राज्यातल्या राज्यात. मुंबईला पाठवलंत तर प्रश्न नाही. पणजीच्या दुकानात माल ठेवायचा म्हटलं की विक्री कितीही लहान असो, नोंदणी आधी.

प्रश्न : मी सोलापूरची. खाजगी शाळेतली क्लार्कची नोकरी सोडून दीड वर्ष झालं. शेंगा चटणी करते, उखळात कुटलेली. महिन्याला दीडशे किलो जाते, लोक नाव काढतात. पण महिनाअखेर हातात काहीच राहत नाही. यजमान म्हणतात, नोकरीच बरी होती. कुठे चुकतंय?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण हे पत्र २०१५ साली मी लिहू शकले असते.

तुम्ही शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ यांचे भाव कळवलेत. त्यात काय नाही ते सांगते. माझ्या चकली भाजणीचा तेव्हाचा हिशेब असा होता. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, मूग, धने, जिरे मिळून किलोला ६२ रुपये. दुकानदाराला ११० ने देत होते. किलोमागे ४८ सुटतात असं धरून मी वर्षभर खुशीत होते.

मग एकदा जुन्या स्टोअर्सच्या सवयीने वजनं घेतली. १० किलो कच्चं धान्य धुऊन, वाळवून, भाजून, दळून आलं की सव्वानऊ किलो पीठ भरत होतं. भाजताना ओल जाते, थोडं पीठ चक्कीत राहतं, थोडं चाळताना उडतं. म्हणजे ६२ चे झाले ६७. गॅसचे ६, दळणाचे ५, अर्ध्या किलोच्या दोन पाकिटांचे लेबलसकट ६, भाजायला येणाऱ्या दोघींचे १४, रिक्षाचे ३. बेरीज १०१. किलोला उरले ९ रुपये. महिन्याला ४०० किलो जात होतं, म्हणजे ३,६००. आणि त्यात पहाटे पाचपासून कढईपाशी उभ्या राहणाऱ्या माझी मजुरी शून्य धरलेली.

त्या रात्री मी जेवले नाही. सासूबाईंनी विचारलं तेव्हा त्यांना वही दाखवली. त्या चौथी शिकलेल्या होत्या. वही बघून म्हणाल्या, “तुझं नाव कुठंय यात?”

दुसऱ्या दिवसापासून माझं नाव वहीत आलं : महिना ६,०००, खर्चाच्या बाजूला, भाजणाऱ्या दोघींच्या नावांखाली. छापील किंमत १४० ची १६५ केली, दुकानदाराला १३२ ने. अकरा दुकानांपैकी दोघांनी माल घेणं बंद केलं. नऊ राहिले आणि घर चालू लागलं.

तुम्ही याच रविवारी बसा. पाच किलो शेंगदाणे तोलून घ्या. खडे-कचरा निवडून, भाजून, टरफल पाखडून किती उरले ते लिहा. कुटणाऱ्या बाईंची मजुरी किलोवर बसवा. चटणीला तेल सुटतं आणि उन्हाळ्यात ती लवकर खवट होते, तेव्हा परत आलेली पाकिटंही धरा. माझ्या मते तुमची खरी गळती तीच असावी, कारण पत्रात एका ओळीत तुम्ही लिहिलंय की ‘एप्रिल-मेमध्ये थोडा माल परत येतो’. तो थोडा म्हणजे किती किलो, हे लिहिलेलं नाही. उन्हाळ्यात पाकीट शंभर ग्रॅमचं करा आणि दुकानात आठवड्याला पुरेल इतकंच ठेवा.

आणि उखळातली कुटलेली चटणी मिक्सरच्या भावात विकू नका. त्यासाठी लोक सोलापूरचं नाव घेतात.

यजमानांना ही वही दाखवा. नोकरी बरी की धंदा, याचं उत्तर तुमची मजुरी मांडल्यावर जो आकडा येईल तोच देईल. तो आकडा शाळेच्या पगाराहून कमीच राहणार असेल तर तसं स्वतःशी कबूल करायलाही हरकत नाही.

प्रश्न : कोल्हापूर. वय ३४. पतपेढीतली नोकरी सोडून कॉलेजजवळ खानावळ काढली. दोन वर्षांत बंद करावी लागली. उन्हाळी सुट्टीत पोरं गावी जायची, भाडं आणि आचाऱ्याचा पगार चालूच. चार नातेवाइकांचे मिळून २,४०,००० देणं आहे. आता एका ठिकाणी नोकरी मिळते आहे, पण तोंड दाखवायची लाज वाटते. लोक म्हणतील, गेला होता धंदा करायला.

उत्तर : भाऊ, ती नोकरी घ्या. सोमवारी जा आणि रुजू व्हा.

मीही परत नोकरीवर गेले होते. २०१६ ची दिवाळी ऑक्टोबरअखेर झाली. सगळ्या दुकानांकडे मिळून माझे १,८६,००० अडकले होते, नेहमीप्रमाणे दिवाळीनंतर पंधरा दिवसांत यायचे. ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या. दुसऱ्या दिवसापासून दुकानदार जुन्या नोटा पुढे करू लागले. काही मी घेतल्या आणि रांगेत उभं राहून भरल्या. बाकीच्यांनी ‘नवी रोकड आली की देतो’ म्हटलं, ते पैसे फेब्रुवारीपर्यंत येत राहिले. धान्याच्या व्यापाऱ्याला मात्र मला महिनाअखेर द्यायचे होते. जानेवारीत मी सातपूरला एका ठिकाणी हिशेबाचं काम धरलं, दहा ते दोन. आठ महिने केलं. दुपारी घरी येऊन भाजणी. त्या आठ महिन्यांच्या पगारातून व्यापाऱ्याचं देणं फिटलं आणि त्याने माझी उधारी चालू ठेवली. त्या दिवसांत कोण काय म्हणालं हे आता आठवत नाही. व्यापाऱ्याने “सावकाश द्या, वहिनी” म्हटलेलं आठवतं.

तुमची खानावळ चवीने बंद पडली नाही. एप्रिल ते जून गिऱ्हाईकच नसतं आणि त्या तीन महिन्यांचे पैसे बाकीच्या नऊ महिन्यांत बाजूला पडले नाहीत. हे तुम्हाला आता कळलंय, दोन वर्षांपूर्वी सांगून कळलं नसतं.

चौघांकडे स्वतः जा, फोन करू नका. दर महिन्याच्या पाच तारखेला प्रत्येकी २,००० देईन, असं सांगा. तीस महिने लागतील. पगार एक तारखेला होतो, पाच तारीख पाळता येईल. ज्याची मुलगी लग्नाची असेल किंवा दवाखाना चालू असेल, त्याला आधी जास्त द्या आणि बाकी तिघांना तसं कळवा. ते समजून घेतील. देणं चुकवणाऱ्या माणसापेक्षा न भेटणाऱ्या माणसाचा राग जास्त येतो.

मोठी पातेली आणि शेगड्या घाईने भंगारात देऊ नका. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते, तेव्हा केटरिंगवाले अशी भांडी बऱ्या भावाने घेतात. परात आणि एक मोठं पातेलं मात्र ठेवा.